अंगठ्यांचा रकाना

गेल्या उन्हाळ्यात सूनबाईंनी नातीचा जन्मदाखला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अण्णा, बाजारात चाललाच आहात तर एवढा लॅमिनेट करून आणा."

"अजिबात नाही!" मी ओरडलो. चांगलाच ओरडलो असणार, कारण नात हातातला खडू टाकून आईला बिलगली.

"अहो, खराब होऊ नये म्हणून म्हणतेय," सूनबाई म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून आजोबांच्या फोटोपर्यंत सगळं प्लॅस्टिकात घातलं की जपलं, असंच आपण धरून चालतो. मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "आमच्या शाळेत एक जुनं रजिस्टर त्या लॅमिनेशनपायी खराब झालं होतं."

"कुणी केलं होतं?"

"झालं होतं कुणाकडून तरी," मी म्हणालो आणि चपला घालून बाहेर पडलो.

कुणाकडून तरी म्हणजे माझ्याकडून. एवढं साधं घरातल्या घरात, स्वतःच्या सुनेला सांगता आलं नाही. इथं सांगतो. पण त्यासाठी आधी नजमाबाई सांगाव्या लागतील.

नजमाबाई आमच्या शाळेच्या लिपिक होत्या. प्रवरेकाठी, कोल्हारच्या अलीकडे ती शाळा. मी तिथं मुख्याध्यापक म्हणून हजर झालो तेव्हा बाईंची वीसेक वर्षं नोकरी झालेली होती. बारीक अंगकाठी, डोक्यावरून पदर, चष्म्याच्या दांड्यांना बांधलेला काळा दोरा. त्यांचे वडील नगरला जिल्दसाज होते, म्हणजे पुस्तकं बांधायचे. कचेऱ्यांची जुनी दप्तरं त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. बाई लहानपणी त्यांना खळ ढवळून द्यायच्या. त्यामुळे बी.कॉम. होऊन लिपिक झाल्या तरी त्यांचं खरं शिक्षण त्या खळीच्या पातेल्यापाशीच झालेलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी इज्जत काढली. मधल्या सुट्टीत शिक्षकांनी माझ्या स्वागताला भेळ मागवली होती. ती खाऊन मी ऑफिसात आलो आणि अधिकाराने म्हणालो, "बाई, जनरल रजिस्टर दाखवा." जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नाव, गाव, जात, जन्मतारीख अशी नोंद. ते गेलं तर शाळा गेली. बाईंनी ते समोर ठेवलं. मी जिभेला बोट लावलं आणि पान उलटायला हात पुढे केला, तर रजिस्टर जागेवर नव्हतं. बाईंनी ते उचलून छातीशी धरलं होतं.

"सर, आदी हात धुवून या," त्या म्हणाल्या. "कागदाला तुमची भेळ कशाला?"

शिपाई खिडकीकडे तोंड करून हसत होता. मी निमूट उठलो आणि हात धुवून आलो. तर बाईंनी पुसायला पंचासुद्धा काढून ठेवला होता. ओल्या हाताचं त्यांना भेळेपेक्षाही वावडं.

त्यांची अशी वावडी पुष्कळ होती. टाचणी, स्टेपलर, रबर आणि सेलोटेप ही चार नावं त्यांच्या ऑफिसात काढायची नाहीत. टाचणी गंजते, रबर वितळून कागदाला चिकटतो आणि सेलोटेप तर त्यांच्या मते कागदावर केलेला खून. एकदा गायकवाड सरांनी एका मुलाची फाटलेली गुणपत्रिका चांगल्या मनाने सेलोटेप लावून आणली. बाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या लेकराला लागलं तर तुमी त्याला फेविकॉल लावता का?" मग दोन दिवस बसून त्यांनी तो टेप काढला आणि फाटलेल्या जागी मागून पातळ पांढरा कागद खळीनं लावला. ती खळ त्या घरून डबीत आणायच्या. तिच्यात चिमूटभर मोरचूद असायचं, कसर लागू नये म्हणून.

रजिस्टरांचं लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि चार विटांवर उभं असे. आत मलमलीच्या पुरचुंड्यांत वेखंड. महिन्यातल्या पहिल्या शनिवारी शाळा सुटली की बाई सगळी रजिस्टरं व्हरांड्यात सावलीला मांडून ठेवत आणि दाढीच्या ब्रशानं एकेका पानावरची धूळ झाडत. शिक्षक जाता जाता चेष्टा करायचे, "काय बाई, आज कुणाची दाढी?" बाईही हसायच्या, पण ब्रश थांबायचा नाही. एकदा एक नवीन शिक्षक ऊन चांगलं आहे म्हणून चार रजिस्टरं अंगणात घेऊन निघाला, तर बाई अनवाणी त्याच्यामागं धावल्या. "अहो, कुरडया हायत का त्या?"

सगळ्यांत जीव एक नंबरच्या रजिस्टरावर. शाळेचं पहिलं रजिस्टर ते. पानं चहाच्या रंगाची झालेली, शाई टाकाची. पहिल्या हेडमास्तरांनी त्यात छापील रकान्यांच्या पुढे, अगदी उजव्या कडेला, हातानं एक जादा रकाना आखून घेतला होता. मुलाला शाळेत घालायला जो येईल त्याची तिथे सही किंवा अंगठा. नोंदीत काही दुरुस्ती झाली तर हेडमास्तरांची बारीक सहीही त्याच रकान्यात. बहुतेक सगळे अंगठेच होते. ओळीनं खाली उतरत गेलेले निळसर अंगठे.

एकदा नागापूरच्या एमआयडीसीतून एक गृहस्थ आले. कारखान्यातून निवृत्त व्हायला आले होते आणि जन्मतारखेचा काही घोळ निघाला होता. बाईंनी पाच मिनिटांत नोंद काढली. उतारा लिहून झाला तरी गृहस्थ उठेनात. शेवटच्या रकान्याकडे बघत विचारलं, "हा अंगठा कुणाचा?"

"तुमाला शाळंत घालाया कोन आलं हुतं?"

"वडील. मी चौथीत असताना गेले ते. फोटोबिटो काय न्हाई त्यांचा."

"मंग त्यांचाच हाय."

गृहस्थांनी बोट पुढं केलं. कुणी पानाला बोट लावलेलं बाईंना खपत नसे. मी बघत होतो, आता त्या त्यांच्यावर ओरडणार. बाईंनी टेबलाच्या खणातून एक पातळ पारदर्शक कागद काढला, अंगठ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता लावा." त्या माणसानं वरून बोट लावलं आणि रडायला लागला. बाई दुसऱ्या कामाला लागल्या. त्यांनी त्याला घाई केली नाही.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी मी ते केलं, हे आधीच सांगून ठेवतो. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मोठा कार्यक्रम ठरला. मंडप, सत्कार, माजी विद्यार्थी, सगळं. माझ्या डोक्यात आलं की एक नंबरचं रजिस्टर प्रदर्शनात ठेवावं. नेमक्या त्याच वेळी बाईंच्या मुलीचं बाळंतपण आलं. मुलगी दिली होती श्रीगोंद्याला. तीन आठवड्यांची रजा मांडून बाई निघाल्या. किल्ल्या माझ्या हातात देताना म्हणाल्या, "सर, मी येईपत्तुर एक नंबरला हात लावू नका. शिवण सुटलीय, पावसाळी हवा हाय. मी आल्यावर बघू प्रदर्शनाचं."

"निश्चिंत जा," मी म्हणालो.

त्या गेल्यावर चौथ्या दिवशी मी ते रजिस्टर पिशवीत घालून नगरला गेलो. दुसऱ्या एका शाळेनं आपलं जुनं मानपत्र लॅमिनेट करून लावलेलं मी पाहिलं होतं आणि ते माझ्या मनात भरलं होतं. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, पानं सुटी करावी लागतील. अन् कडा फाटक्यात, समान करून घेऊ?" मी म्हणालो, "घ्या." त्यानं शिवण उसवली, गठ्ठा कटरखाली धरला आणि दांडा दाबला. कडेच्या पट्ट्या खाली पाटीत पडल्या. मी समोर उभा राहून चहा पीत होतो.

कार्यक्रमात रजिस्टर सगळ्यांना आवडलं. चकचकीत पानं, स्पायरल बाइंडिंग. पाहुण्यांनी भाषणात माझं नाव घेऊन सांगितलं की वारसा कसा जपावा ते या मुख्याध्यापकांकडून शिकावं. टाळ्या झाल्या. त्या मी घेतल्या.

बाई रजेवरून आल्या. नातू झाला म्हणून पेढे आणले होते. पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवून त्यांनी आधी कपाट उघडलं. रजिस्टर बाहेर काढलं, पहिलं पान उलटलं. प्लॅस्टिकचा करकर आवाज झाला. त्यांनी आणखी दोनचार पानं उलटली. दमट पानं गरम यंत्रातून गेल्यामुळे ठिकठिकाणी फुगे आले होते आणि त्यांत शाई पसरली होती. उजव्या कडेला कुठं अर्धा अंगठा, कुठं नुसती त्याची कोर, कुठं काहीच नाही.

मला वाटलं त्या बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कडा कुठं हायत?"

"कसल्या कडा?"

"कापलेल्या. पट्ट्या."

"त्या दुकानातच राहिल्या."

बाईंनी पिशवी उचलली आणि तशाच निघाल्या. मिळेल त्या एसटीनं नगरला जाऊन त्यांनी ते दुकान शोधलं. तोवर रद्दी उचलली गेली होती. यंत्राच्या मागे, भिंतीच्या फटीत काही पट्ट्या अडकल्या होत्या, तेवढ्या काढून घेऊन त्या परत आल्या. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत भिंग घेऊन बसायच्या आणि कुठली पट्टी कुठल्या पानाची ते जुळवायच्या. एकंदर अकरा पट्ट्या जुळल्या. त्या पाकिटात घालून त्यांनी पाकिटावर पेन्सिलनं पानांचे आकडे घातले. माझ्याशी बोलणं पहिल्यासारखंच होतं. फक्त पेढे मला शिपायाच्या हातून मिळाले.

तीनेक वर्षं गेली. गावातल्या एका मुलीला नर्सिंगला जायचं होतं. जात पडताळणीसाठी तिच्या आजोबांची नोंद लागली. नोंद एक नंबरमध्ये होती. त्या नोंदीत जातीच्या रकान्यात एक शब्द खोडून वर दुसरा लिहिलेला होता, आणि त्या दुरुस्तीवरची हेडमास्तरांची सही शेवटच्या रकान्यात होती. म्हणजे पूर्वी होती. आता तिथे प्लॅस्टिकची कड होती. अकरा पट्ट्यांत ते पान नव्हतं.

चौकशीला एक अधिकारी आले. माझ्या केबिनमध्ये बसून त्यांनी पान उजेडात धरून पाहिलं, नखानं प्लॅस्टिक उचकटायचा प्रयत्न केला. "याची शाई तपासता येत नाही. खाडाखोडीवर सही नाही. आम्ही हे कसं धरायचं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अभिलेख कुणाच्या ताब्यात असतो?"

मी म्हणालो, "लिपिकाच्या."

खोटं नव्हतं. नियमाप्रमाणे लिपिकाच्याच ताब्यात असतो. बाई दाराशी उभ्या होत्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, "काय हो मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता की विनवणी नव्हती. त्या मला बोलायला वेळ देत होत्या, आणि तो वेळ पुरेसा होता. मी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला.

"माझ्याच ताब्यात असतं," बाई म्हणाल्या.

मुलीचं त्या वर्षीचं ॲडमिशन हुकलं. बाईंनी रजा टाकून तहसील कचेरीचे खेटे घातले, तिथल्या जुन्या दप्तरांतून कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या बुकातली तिच्या पणजोबांच्या घरची नोंद शोधून काढली, आणि पुढल्या वर्षी मुलीचं काम झालं. पण एक वर्ष गेलं ते गेलंच. आणि वरून शाळेला पत्र आलं: अभिलेख जतनात हलगर्जीपणा केल्याबद्दल संबंधित लिपिकास ताकीद देण्यात येत असून तशी नोंद सेवापुस्तकात घ्यावी.

शाळेत सगळ्यांच्या सेवापुस्तकांत नोंदी लिपिक लिहितो आणि मुख्याध्यापक खाली सही करतो. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई स्वतःचं सेवापुस्तक घेऊन माझ्या समोर उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांचं पुस्तक, एक डाग नव्हता त्यात. निवृत्तीला पाच महिने उरले होते. शेवटच्या लिहिलेल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं, पट्टीनं रेघ मारून, पत्रातला मजकूर जसाच्या तसा लिहिला होता. एक अक्षर हललं नव्हतं.

"बाई, थोडक्यात लिहिलं असतं तरी चाललं असतं," मी म्हणालो.

"जसं आलं तसं लिहावं लागतं, सर. खाली सही करा."

मी केली. तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. पेन हातात होतं, त्याच ओळीखाली दोन वाक्यं लिहिता आली असती. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष होतं, माझं पेन्शनचं प्रकरण स्वच्छ राहायला हवं होतं, आणि पंचाहत्तरीतला तो सत्काराचा फोटो दिवाणखान्यात लावलेला होता. मला माझी लाज वाटली. पण सही करायचं थांबावं इतकी नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. ते कसं झालं ते इथं लिहिणार नाही.

सूनबाईंना "झालं होतं कुणाकडून तरी" म्हणून मी घराबाहेर पडलो, तो बाजारात गेलोच नाही. वाचनालयात बसलो आणि एक अर्ज लिहिला. रजिस्टर मी स्वतः नगरला नेलं, पानं मी कापू दिली, लिपिकाचा काही दोष नाही, तरी सेवापुस्तकातली नोंद रद्द व्हावी. दुसऱ्या दिवशी तो घेऊन कोल्हारला बाईंच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर मनात एक चित्र होतं. बाई अर्ज वाचतील, म्हणतील, "जाऊ द्या सर, झालं ते झालं," चहा करतील, आणि मी हलका होऊन परत येईन. अर्ज कदाचित पाठवावाही लागणार नाही.

बाईंनी पाणी दिलं. चष्मा लावून अर्ज वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिवलंय? अनवधानानं?"

"म्हणजे... चुकून."

"चुकून न्हाई, सर. मी सांगून गेल्ते."

मी मान खाली घातली. म्हटलं, "बाई, तुम्ही तेव्हा त्यांना का नाही सांगितलं?"

"मी सांगितलं असतं तर ते माझं म्हननं झालं असतं. तुमी सांगायचं हुतं." त्यांनी कागद उलटून पाहिला. "आन हे कशानं लिवलंय? जेल पेननं? एक थेंब पडला तर पुसून जाईल."

आतून त्यांनी जाड कोरा कागद, शाईची बाटली आणि टाक आणला. कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "डावीकडं दोन बोटं जागा सोडा. फायलीला लावताना अक्षरं दबाया नको."

"वर पाठवायचाय ना हा?"

"वर बी पाठवा. ते उत्तर देतील, न देतील. मी रिटायर झाले, मला आता त्याचं काय करायचं? एक प्रत शाळंत द्या, एक नंबरच्या शेजारच्या फायलीत लावाया सांगा. पन्नास वर्सांनी कुनी ते उघडलं, तर त्याला कळाया पायजे ना, अंगठे कुनी कापले."

तेव्हा मला कळलं की मी काय मागायला आलो होतो आणि काय मिळतंय. मी मरेन, माझा सत्काराचा फोटो पोरं माळ्यावर टाकतील, पण हा कागद राहील. तो कसा राहतो हे जिला ठाऊक आहे तीच समोर बसून तो माझ्याकडून लिहून घेत होती. पळून जावंसं वाटलं. मी लिहायला लागलो. 'अनवधानाने' गाळलं. 'लिपिकांनी हात लावू नका असे सांगितलेले असताना' हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं, ते मीच घातलं.

तो कागद आज शाळेच्या फायलीत आहे. नव्या मुख्याध्यापकांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि आवक नोंद घेतली. वरून अजून उत्तर आलेलं नाही. सूनबाईंना मी बाईंकडून परत आलो त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं.

बाईंना त्यानंतर मी भेटलो नाही. डोळ्यांपुढे आहे ती त्या दुपारची त्यांची मूर्ती. मी खाली सही केली आणि सवयीनं कागदाची घडी घालायला गेलो. "ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला. कागद फडफडून शाई पसरू नये म्हणून उठून पंखा बंद केला. मे महिना, वर पत्रा, दोन वाजलेले. दोन्ही कडा बोटांत अलगद धरून त्या दाराच्या उजेडात उभ्या राहिल्या, आणि मी घामानं निथळत समोरच्या खुर्चीत बसून राहिलो. एकदा मी उठायला लागलो, तर त्या कागदावरची नजर न काढता म्हणाल्या, "बसा सर. अजून ओलं हाय."